रंकाळ्यावर मावसभाऊ

पगार वाढवला की वायुदलाचे पायलट नोकरी सोडून एअरलाइनकडं जायचे थांबतील, असं म्हणतात. आज संध्याकाळी रंकाळ्यावर मावसभावासोबत भेळ खात बसलो होतो. गडी खडकवासल्याच्या एनडीएतून वायुदलात गेलेला, पायलट. 20 वर्षं भरली की पेन्शन पक्की, आणि त्याला दोनच उरलीत. 2023 मध्ये इंडिगोनं 500 आणि एअर इंडियानं 470 विमानांची ऑर्डर दिली, तेव्हापासून मावशीचं एकच टुमणं, "कधी सुटतोयस?"

मीही तेच विचारलं. म्हणाला, "भावा, 2019 ला जेट एअरवेज बंद पडली, पुढं कोरोनात कितीतरी एअरलाइन पायलट घरी बसले. आमचा पगार चुकला नाही." मग जरा थांबून, "पण सारख्या बदल्या. पोरीची ही तिसरी शाळा."

ती दुसरीत आहे राव!

पगार वाढवून असली माणसं थांबतील, असं मला तरी वाटत नाही. भेळेचे पैसे मात्र त्यानंच दिले.