आमची वाटचाल : तिथी पाहून ठरणारा व्यायाम

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, व्यायामासाठी चालायला पहिली तुकडी घेऊन गेलो, तो दिवस अष्टमीचा होता. २०१८ चा नोव्हेंबर, सकाळचे सहा. कुवारबाव, नाचणे, शिरगाव इथून चौदा माणसं आली होती, कुणी नव्या बुटांत, कुणी स्लिपरवर. ओल्या, कडक वाळूवरून सगळे आरामात सुरूच्या बनाच्या टोकापर्यंत जाऊन येतील, असं मी धरून चाललो होतो. पण भरती पुरी झालेली होती. कडक वाळू पाण्याखाली, आणि वर उरलेली पट्टी मऊ, उतरती, पाय रुतणारी. तरी चाललो. दुसऱ्या दिवशी चौदातल्या नऊ जणांच्या पोटऱ्या धरल्या होत्या. तिसऱ्या दिवशी सहाच आले.

लोकांकडून व्यायाम करून घेण्याच्या आमच्या व्यवसायाची खरी सुरुवात मी त्या सकाळपासून मोजतो. कागदोपत्री ती दोन वर्षं आधीची आहे.

डोंबिवलीत नऊ वर्षं एका व्यायामशाळेत शिकवून मी २०१६ साली रत्नागिरीला परत आलो. वडिलांना अर्धांगाचा झटका आला होता आणि घरी आई एकटी. कुवारबावला तेव्हा इमारतींवर इमारती उठत होत्या. जिथे काजूची झाडं आणि कातळ होता तिथे चार मजले, खाली दुकानं, वर बँकेतली, एसटीतली, मिरजोळे एमआयडीसीतली माणसं. यातली बरीचशी आसपासच्या गावांतून आलेली. गावच्या घरी विहिरीवर जायचं तर पन्नास पायऱ्या उतरून चढायच्या, आगरात शिंपणं करायचं, लाकडं फोडायची. फ्लॅटमध्ये आल्यावर हे सगळं थांबलं, आणि चाळिशीतच गुडघे, साखर, रक्तदाब सुरू झाले. इथे व्यायामशाळा चालेल, असं मला वाटलं. कर्ज काढलं, गाळा घेतला, यंत्रं आणली.

दीड वर्षात गाळा सोडावा लागला. खाऱ्या हवेने लोखंड खाल्लं. तेल कितीही द्या, पावसाळ्याच्या दोन महिन्यांत केबल आणि बेअरिंग गंजायची, धावपट्टीच्या मोटरला विजेचा कमीजास्त दाब झेपायचा नाही. पण यंत्रांपेक्षा मोठं कारण वेगळं होतं. माणसं तीन महिन्यांचे पैसे भरत आणि पंधरा दिवस येत. बंद खोलीत आरशासमोर उभं राहणं त्यांना आवडत नव्हतं. विशेषतः बायकांना. हे मला आधी दिसायला हवं होतं. यंत्रं निम्म्या किमतीला विकली. कर्जाचे हप्ते मात्र पुढे चार वर्षं भरले.

मग आम्ही दोघांनी, मी आणि माझ्या पत्नीने, ठरवलं की इथल्या जमिनीवर जे आहे तेच वापरायचं. पुळण, पाखाड्या म्हणजे डोंगरातल्या पायऱ्यांच्या वाटा, सडा म्हणजे कातळाचं पठार, आणि खाडी. त्यातली पहिली सकाळ कशी गेली ते वर सांगितलं.

पोटऱ्या धरल्याचं प्रकरण झालं त्याच आठवड्यात मिरकरवाड्यात एका म्हाताऱ्या तांडेलकाकांना भेटलो. उभा जन्म मचव्यावर, मासेमारीच्या होडीवर, काढलेला माणूस. मी भरतीची वेळ मोबाइलवर बघतो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "तिथी कितवी आज?" मी म्हटलं, द्वादशी. "मग बाराची पाऊणपट कर. नऊ. नवाला पुरी भरती." एवढंच. तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल तितक्या वाजता भरती. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते म्हणून हा आडाखा बसतो. काही मिनिटांचा फरक पडतो, पण चालायला जाणाऱ्याला तेवढा पुरतो.

त्या रात्री मी कालनिर्णय पुढ्यात घेऊन बसलो आणि पंधरवड्याचं वेळापत्रक मांडलं. पौर्णिमा-अमावास्येला भरती अकरा-साडेअकराला, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-सव्वापाचला. शिवाय तेव्हा उधाण असतं, म्हणून पाणी ओहोटीला सगळ्यात लांब जातं. याचा अर्थ, महिन्यातली सगळ्यात रुंद, सगळ्यात कडक वाळू आपल्याला नेमकी सकाळच्या फिरण्याच्या वेळेला मिळते. संध्याकाळीही तसंच. अष्टमीला उलट. भरती सकाळी सहाला आणि भांगाची, म्हणजे पाणी फार चढतही नाही, फार उतरतही नाही. आमच्या किनाऱ्याने इतकी सोय करून ठेवली आहे आणि मी नऊ वर्षं डोंबिवलीत घड्याळाच्या काट्यावर बॅचेस लावत होतो.

तेव्हापासून आमच्याकडे वार नाहीत, तिथ्या आहेत. चतुर्दशीपासून तृतीयेपर्यंत पुळण. चतुर्थीपासून सप्तमीपर्यंत पाखाडी किंवा किल्ला. अष्टमीपासून एकादशीपर्यंत ज्यांना हवं त्यांनी खाडी, बाकीच्यांनी सडा. द्वादशी-त्रयोदशी विश्रांती आणि घरचे व्यायाम. सुरुवातीला लोकांना हे विचित्र वाटलं. आता सदस्य स्वतःच फोन करून सांगतात, "दादा, उद्या क्षय तिथी आहे, मग कुठे जमायचं?"

पुळणीवर चालण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नवखी माणसं इथेच चुकतात. कोरड्या, मऊ वाळूवर चालायला कठीण जमिनीच्या दुपटीहून जास्त ऊर्जा लागते. व्यायाम म्हणून हे उत्तम, पण पहिल्या दिवशी नाही. पहिले पंधरा दिवस पाणी नुकतं उतरलेल्या कडक पट्ट्यावरच चाला. नंतर मधेच पाच मिनिटं मऊ वाळूत, परत कडक वाळूवर. पुळण समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच दिशेने चालत राहिलं तर एका पायावर आणि कमरेच्या एका बाजूवर ताण येतो. जितकं गेलात तितकंच त्याच रेषेवरून परत या. भाट्याची पुळण दीडेक किलोमीटरची आहे, जाऊन-येऊन तीन होतात, तेवढं पुरे. अनवाणी चालण्याचा आनंद वेगळाच, पण मधुमेह असलेल्यांनी बूट काढू नयेत. तुटक्या शिंपल्याने कापलेलं त्यांना कधी कधी कळतही नाही. आणि चालून घाम आला म्हणून समुद्रात उतरायचं नाही. आमच्या तुकडीत हा नियम मोडणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी येऊ देत नाही. पाण्याची ओढ वरून दिसत नाही, आणि आरे-वाऱ्याच्या, गणपतीपुळ्याच्या समुद्राने किती घरं रिकामी केली आहेत ते रत्नागिरीकरांना सांगायला नको.

पाखाडीबद्दल लिहिताना मला आजही अवघडल्यासारखं होतं. जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी म्हणजे कोकणातला सर्वांत जुना जिना. पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नसतात, म्हणून मांड्या, घोटे आणि तोल तिघांनाही काम पडतं. २०१९ च्या जुलैमध्ये, पाऊस दोन दिवस उघडला म्हणून मी आठ जणांना एका पाखाडीवर नेलं. चढताना काही झालं नाही. उतरताना अठ्ठावन्न वर्षांच्या एका काकांचा पाय शेवाळावरून सटकला आणि मनगट मोडलं. चूक माझी होती. वरून सुकलेलं शेवाळही ओल्याइतकंच निसरडं असतं, हे मी या मातीत जन्मून विसरलो. त्यांचा इलाजाचा खर्च आम्ही केला. काकांनी कधी एक शब्द बोलून दाखवला नाही, प्लास्टर निघाल्यावर परत आले, आजही येतात.

तेव्हापासून मृगापासून दसऱ्यापर्यंत पाखाडी बंद. आणि कोरड्या दिवसांतही पाखाडीने चढायचं, उतरायचं मात्र रस्त्याने, कारण गुडघ्यांवर चढण्यापेक्षा उतरताना जास्त भार येतो. रत्नदुर्ग किल्ल्यालाही हेच करतो. पायथ्यापासून भगवतीच्या देवळापर्यंत दमाने चढायचं, वर तटावरून एक फेरी, दीपगृहाच्या बाजूला पाच मिनिटं बसायचं, मग डांबरी रस्त्याने खाली. माणूस ठीक वेगाने चढतो आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. बोलता येतं पण गाता येत नाही, हा योग्य वेग. बोलताही येत नसेल तर थांबा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं अशाच वेगाच्या हालचालीची शिफारस करते, आणि पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सांगते. पाखाडीवर दोन्ही एकदम होतात.

सड्यावरच्या फेऱ्या हा माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. श्रावण-भाद्रपदात कातळावर पाणी साचून सीतेची आसवं, गेंद, पिवळा कवला अशी फुलं येतात, तेव्हा दोन तास चाललो तरी कुणी थकलो म्हणत नाही. पाऊस सरल्यावर उक्षीच्या सड्यावर कोरलेला हत्ती बघायला नेतो. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, पण त्याआधी पिढ्यान्पिढ्या गुराख्यांना ती ठाऊक होतीच. एकच विनंती करतो : रेषांवर पाय देऊ नका, पाणी ओतून फोटो काढू नका.

आता बायकांच्या गटाबद्दल. हा गट माझ्या पत्नीने उभा केला, आणि आज आमच्या निम्म्याहून जास्त सदस्य याच गटातल्या आहेत. सुरुवातीला ती दारोदार फिरली तेव्हा एकच उत्तर मिळायचं, "आम्ही दिवसभर राबतो, आम्हाला वेगळा व्यायाम कशाला?" ती वाद घालत बसली नाही. तिने एका काकूंना विचारलं, काल दिवसभरात किती वेळा हात डोक्याच्या वर गेले? काकूंनी विचार केला. झाडू, विळी, धुणं, भांडी, पोळपाट, सगळं पुढे वाकून. वर हात फक्त फडताळातला डबा काढताना. पाठ मागे वाकलीच नव्हती. श्रम आणि व्यायाम यांतला फरक हा एवढाच. श्रमाने शरीर एका बाजूला झिजतं, व्यायामाने दुसरी बाजू भरून काढायची.

पण मैदानात जॉगिंग करा म्हटलं असतं तर कुणी आली नसती. तिने फुगडी आणली. देवळाच्या सभामंडपात, सकाळी साडेसहाला, साडी किंवा पंजाबी ड्रेस काय असेल त्यावर. हातांची अढी घालून, पाय जवळ, अंग मागे टाकून गरगर फिरायचं. पकड, खांदे, पोट, पोटऱ्या, सगळं एका वेळी ताणतं. बसफुगडी तर पंचविशीतल्या मुलीलाही तीस आकड्यांत घाम काढते. मग झिम्मा, मग पिंगा. फुगडी घालणाऱ्या दोघींना थोड्या वेळाने गाता येत नाही, म्हणून गाणी बसलेल्या बायका म्हणतात. ही व्यवस्था कुणी केव्हा लावली कोण जाणे, पण दमलेल्यांना विसावा द्यायची यापेक्षा चांगली रीत मला कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवली नव्हती. चक्कर येणाऱ्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बायकांना ती फिरायला लावत नाही. त्यांना झिम्मा आणि भिंतीला टेकून उठाबशा.

पुरुषांसाठी मी जाखडी सुरू केली. ढोलकीभोवती रिंगण, पायात घुंगरू, आणि अर्धा तास न थांबता ठेका. लहानपणी गणपतीत नाचलेल्यांची पावलं दोन दिवसांत परत येतात. एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, चाळीस वर्षांनी पाय उचलला. तुऱ्याची बारी, म्हणजे जाखडीतल्या तुरा पक्षाची गाणी, पाठ होती त्यांना, तशीच्या तशी.

२०२० ने आम्हाला जवळजवळ संपवलं. मार्चअखेरीपासून सगळं बंद, आणि ३ जूनला निसर्ग वादळ. त्या दिवशी मिऱ्याजवळ मोठं जहाज किनाऱ्याला लागलं ते सगळ्यांनी पाहिलं. आमचं नुकसान त्या मानाने किरकोळ, चटया आणि दोऱ्या ठेवायची पत्र्याची शेड गेली. पण सदस्यांपैकी काहींच्या घरावरचं छप्पर गेलं होतं. महिनाभर आम्ही कौलं आणि ताडपत्र्या वाहिल्या. ज्यांच्याकडे गेलो त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे आपली मुलं आमच्याकडे पाठवली. जाहिरात आम्ही आजवर केली नाही.

खाडीतली फेरी तीन वर्षांपासून आहे. कयाक आमच्या नाहीत, परवाना असलेल्या व्यावसायिकाकडून घेतो. काजळी नदी समुद्राला मिळते तिथून आत, भरती पुरी होत असताना तिवरांच्या कडेने. चिखल झाकलेला, पाणी संथ. लाइफ जॅकेटशिवाय कुणी नाही, आणि एकादशीचा कडक उपवास असेल तर वल्हं हातात देत नाही. पावसाळाभर हे बंद. सायकलवाल्यांचा गट छोटा आहे, महिन्यातून एकदा आरे-वारेमार्गे गणपतीपुळे, एका बाजूने पंचवीसेक किलोमीटर. परत आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुवा आणि साखळीला तेल द्या, नाहीतर आठवड्यात ती लाल होते. हा धडा मी यंत्रांवर पैसे घालवून शिकलो आहे.

व्यायामानंतर काय खायचं, हे सगळेच विचारतात. डबाबंद पूड आम्ही विकत नाही, विकायला सांगणारे पुष्कळ येतात. उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि जोडीला उकडलेलं अंडं किंवा भिजवलेली कडधान्यं. एप्रिल-मेच्या घामात मीठ घातलेलं कोकम सरबत.

या पावसाळ्यासाठी देवळाचा सभामंडप पुन्हा मिळाला आहे. सकाळी साडेसहाला फुगडीचा गट, संध्याकाळी पाचला ज्येष्ठांचा तोल सांभाळण्याचा वर्ग, शनिवारी मुलांची लगोरी आणि आट्यापाट्या, पाऊस उघडला तर समोरच्या पटांगणात. पुळणीवरच्या तुकड्या नारळी पौर्णिमेनंतर, समुद्र निवळल्यावर. पहिल्या दिवशी येताना नवे बूट घेऊ नका, एक पंचा आणि पाण्याची बाटली पुरे. औषधं चालू असतील तर त्यांची चिठ्ठी मात्र सोबत आणा.