एल प्यायची तर पासपोर्ट लागतो

पासपोर्ट घेऊन जा. फोनमधला फोटो नाही, झेरॉक्स नाही, डिजिलॉकर तर नाहीच. खरा, निळा, अशोकस्तंभवाला पासपोर्ट. स्कॉटलंडच्या खेड्यातल्या जुन्या पबात जाऊन तिथेच तयार होणारी एल, म्हणजे एका प्रकारची बीअर, प्यायची असेल, तर बाकी सगळी तयारी चुकली तरी निभावतं. हे एक चुकलं की संपलं. माझं चुकलं आणि त्यापायी दोन आठवडे डोक्याला ताप झाला, म्हणून लिहितेय.

बाबा सांगलीकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. रस, ब्रिक्स (म्हणजे रसातल्या साखरेचं माप), मळी यात नोकरी गेली. आई-बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे ग्लासगोला आले होते. एडिनबराचा किल्ला बघून बाबा म्हणाले, "छान आहे. पन्हाळ्याच्या एका कोपऱ्यात बसेल." लोमंडच्या तळ्यावर त्यांना कोयनेची आठवण झाली. खरं कुतूहल त्यांना एकाच गोष्टीचं वाटलं, ते म्हणजे इथे काही पब आपली बीअर स्वतः मागच्या अंगणात बनवतात. "म्हणजे कारखाना आणि दुकान एकाच वाड्यात? ते बघू की."

पहिल्या शनिवारी दोघंच निघालो. आई म्हणाली, "मी बाई दारूच्या दुकानात कशाला येऊ," आणि घरी राहिली. बसने सव्वा तास, मग मेंढरांच्या कुरणांमधून अर्धा तास पायी. गाडी मुद्दामच नेली नव्हती. स्कॉटलंडमध्ये 5 डिसेंबर 2014 पासून गाडी चालवणाऱ्यासाठी रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 100 मिलीलिटरला 50 मिलिग्रॅम आहे. इंग्लंडात अजून 80 आहे, त्यामुळे तिकडच्या मित्रांचे सल्ले इकडे चालत नाहीत. (आपल्याकडे तर 30 आहे.) तुम्हीही बस किंवा ट्रेननेच जा.

पबचं नाव लिहीत नाही. पांढऱ्या भिंती, ठेंगणं दार, आत कोळशाचा वास. बाबांनी चौकटीवर कपाळ आपटून घेतलं आणि तरी खूश झाले. काउंटरवर हातपंपांचे लाकडी दांडे ओळीने उभे. मी म्हटलं, "दोन हाफ," म्हणजे अर्धा-अर्धा पाइंट. काउंटरमागे पन्नाशीच्या बाई होत्या. त्यांनी ग्लास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि ग्लास परत ठेवला.

"ओळखपत्र आहे का गं?"

माझं वय 31. लग्नाला पाच वर्षं झाली. पण उंची पाच फूट, त्या दिवशी अंगावर हुडी आणि पाठीवर सॅक. कायद्याने इथे दारू विकत घ्यायचं वय 18 आहे. पण 1 ऑक्टोबर 2011 पासून 'चॅलेंज 25' सक्तीचं आहे: समोरचं माणूस पंचविशीच्या आतलं वाटलं की विकणाऱ्याने पुरावा मागायचाच. चुकून अठराच्या आतल्याला विकलं तर गुन्हा विकणाऱ्याच्या अंगावर. हे मला आता पाठ आहे. तेव्हा मी हसत पर्स उघडली, कारण पर्समध्ये ओळखपत्रांची काय कमी!

सांगली आरटीओचं लायसन्स ठेवलं. बाईंनी उलटसुलट बघितलं, मान हलवली. आधार कार्ड ठेवलं. नाही. पॅन कार्ड ठेवलं, त्यावर जन्मतारीख ठळक आहे म्हणून बोटाने दाखवली. नाही. ऑफिसचं कार्ड. नाही. काउंटरवर पत्त्यांचा डाव मांडल्यासारखं झालं होतं. बाईंनी गल्ल्याशेजारी चिकटवलेला कागद दाखवला. चालणाऱ्या ओळखपत्रांची यादी: पासपोर्ट, इथलं किंवा युरोपातलं फोटोवालं लायसन्स, 'पास' या वयाच्या पुराव्याच्या इथल्या योजनेचा होलोग्राम असलेलं कार्ड, अशी चारसहा नावं. भारतीय लायसन्स त्यात नाही. पूर्वी निवासाचं बायोमेट्रिक कार्ड खिशात असायचं, ते दाखवून काम भागायचं. 2024 च्या अखेरीस ती कार्डं संपली आणि सगळं ई-व्हिसावर गेलं. मी फोनवर ई-व्हिसा उघडला. त्यात माझा फोटो, जन्मतारीख, सरकारी शिक्का सगळं. बाई म्हणाल्या, स्क्रीन चालत नाही.

एव्हाना बाबा मध्ये पडले होते. "मी हिचा बाप आहे. मी सांगतो हिचं वय." याचं भाषांतर करावं लागलं. बाई म्हणाल्या, बापाचा शब्द मला मान्य आहे, कायद्याला नाही. मग बाबा काउंटरकडे पाठ करून उभे राहिले, शर्ट वर केला आणि बनियनवर बांधलेल्या पाकिटातून स्वतःचा पासपोर्ट काढला. मुंबई सोडल्यापासून ते पाकीट फक्त आंघोळीला उतरत होतं. पांढऱ्या मिशांचा 66 वर्षांचा माणूस आपण अठराच्या वर असल्याचा पुरावा देत होता, आणि एकतीस वर्षांची मुलगी रिकाम्या हाताने शेजारी उभी. बाई म्हणाल्या, तुमची गरज नाही हो.

तेवढ्यावर थांबतील तर ते बाबा कसले! त्यांनी पाकिटातून आपला दारूचा परवाना काढला. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्याने प्यायला परवाना लागतो, हे आपल्यातल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि उरलेले तो काढत नाहीत. बाबांनी हजार रुपये भरून आजीवन परवाना काढलाय, आणि उभ्या जन्मात तो त्यांना कुणी विचारलेला नाही. आता संधी आली होती. बाईंनी हे काय आहे विचारलं. मी सांगितलं, आरोग्य राखण्यासाठी दारू पिण्याची सरकारी परवानगी आहे. बाई काउंटरला धरून हसल्या. कोपऱ्यात कुत्रा घेऊन बसलेल्या आजोबांना हाक मारून त्यांनी तो दाखवला. आजोबांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, हा मलाही मिळेल का?

पण माझा ग्लास रिकामा तो रिकामाच.

बाबांना हाफ मिळाला, पण "तिला घोटभरही द्यायचा नाही" या अटीवर. मी नारिंगी आयर्न-ब्रू घेतलं, म्हणजे वितळलेली पेप्सीकोला कांडी. बाबांनी एक घोट घेतला, "गार नाही," म्हणाले, आणि मग काही बोललेच नाहीत. उरलेला त्यांनी औषधासारखा संपवला. परतताना बसमध्ये म्हणाले, "एकट्याने काय प्यायचं गं."

आता विचाराल, पासपोर्ट घरी होता तर दुसऱ्या दिवशी का नाही गेलात? तो घरी नव्हताच! जर्मनीच्या कामासाठी शेंगेन व्हिसाला दिला होता. ही माझी दुसरी चूक: घरी पाहुणे असताना पासपोर्ट हातातून सोडू नये. नियमाने पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि आई-बाबांचं परतीचं विमान सोळाव्या दिवशी. रोज सकाळी चहाबरोबर मी ट्रॅकिंगचं पान उघडायचे. रोज तेच वाक्य, "अर्जावर प्रक्रिया सुरू आहे." मदतीच्या क्रमांकावर वीस मिनिटं पियानो ऐकला, मग एका मुलाने तेच वाक्य मला वाचून दाखवलं. बाबा रोज विचारायचे, "आला का?" जसं काही दहावीचा निकालच लागायचा होता. नवरा म्हणाला, एवढं काय, बाटली आणू. बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने विषय सोडला.

पासपोर्ट शुक्रवारी दुपारी आला. विमान रविवारी. मधला शनिवार.

(त्या दिवसांत मी आणखी एक काम केलं, तेही सांगून ठेवते. इथलं शिकाऊ लायसन्स ऑनलाइन 34 पौंडांत मिळतं, आणि त्यासाठी गाडी चालवता यायची गरज नाही. पबात ते चालतं. इथे राहायला आलेल्या प्रत्येक लहानखुऱ्या मराठी मुलीने पहिल्या वर्षातच काढावं. मला सहा वर्षं सुचलं नाही.)

त्या पहिल्या पबकडे परत जायचं माझं मन होईना. रागच होता, खोटं कशाला बोलू? म्हणून पिटलॉख्री गाठलं. पर्थवरून इन्व्हर्नेसला जाणाऱ्या लाइनवरचं स्टेशन. गाड्या थोड्या आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी बघा आणि मगच पहिला ग्लास मागवा. स्टेशनपासून मैलभर चढ चढलं की मूलिन नावाचं गाव. तिथल्या इनची, म्हणजे जुन्या सराईची, सुरुवात 1695 ची, म्हणजे आपल्याकडे जिंजी वेढ्यात होती तेव्हाची. तिला तीनशे वर्षं झाली तेव्हा, 1995 मध्ये, मालकांनी घोडागाड्यांच्या जुन्या कोठीत ब्रुअरी सुरू केली. या वेळी आईही आली, कारण मी तिला चर्च आणि डोंगर दाखवते म्हटलं होतं. दोन्ही शेजारीच आहेत. 841 मीटरच्या बेन व्रॅकीची वाट याच गावातून वर जाते.

मी काउंटरवर आधी पासपोर्ट ठेवला आणि मग तोंड उघडलं. तिथल्या तरुणाने तो उघडला, जन्मसाल बघितलं, फोटो बघितला, परत माझ्याकडे बघितलं. पासपोर्टातला फोटो मी बावीस वर्षांची असतानाचा. दोन सेकंद माझ्या पोटात गोळा आला. मग त्याने पासपोर्ट मिटून दोन्ही हातांनी परत दिला. बाबांनी मागून आईला सांगितलं, "झालं. पास झाली."

'एल ऑफ अथॉल' घेतली. ही मातकट लाल, तपकिरीकडे झुकणारी. हातपंप ओढला की पहिल्यांदा ग्लासात नुसतं ढवळल्यासारखं पिवळट दिसतं, मग तळापासून वर हळूहळू निवळत येतं आणि वर पातळ साय राहते. आपल्या बीअरसारखी फसफस नाही, कारण पिंपातच तिचं उरलेलं आंबणं होतं आणि वायू वरून भरत नाहीत. तळघरातल्या गारव्याला, साधारण 11 ते 13 अंशांवर देतात. कोमट आहे म्हणून परत करू नका, ती तशीच असते. स्कॉटिश एलमध्ये हॉप्सचा कडूपणा कमी, माल्ट पुढे. हॉप्स म्हणजे बीअरला कडूपणा देणारी एका वेलाची फुलं. माल्ट म्हणजे मोड आणून भाजलेलं जव. आईने वास घेतला आणि म्हणाली, "नाचणीच्या सत्त्वासारखं येतंय गं." अगदी बरोबर.

शाकाहारी लोकांसाठी: पिंपातली एल निवळायला बऱ्याच ठिकाणी माशाच्या पोटातल्या हवेच्या फुग्यापासून केलेला पदार्थ घालतात. चालणार नसेल तर आधी विचारा. आईसाठी मी विचारलं नाही, कारण ती जिंजर बीअर पीत होती.

बाबांनी मात्र त्या तरुणाला धरलं. मोडक्या इंग्रजीत, पण विषय त्यांचा. गरम पाण्यात माल्ट किती अंशांना? पासष्टच्या आसपास. मग गोड रस काढून हॉप्स घालून तासभर उकळायचा, गार करून यीस्ट. चोथ्याचं काय करता? गुरांना. "पेंड!" बाबा मला म्हणाले. मग तो म्हणाला, चार टक्क्यांच्या एलसाठी रसाची घनता साधारण 1040 वर धरतात (पाण्याची 1000 मानून). मी भाषांतर करणार तेवढ्यात बाबांनी बीअरच्या गोल पुठ्ठ्यावर पेनने लिहिलं: 10 ब्रिक्स. त्याखाली लिहिलं: ऊस, 18 ते 20. पुठ्ठा त्याच्याकडे सरकवला. तो बघत राहिला. मग त्याने त्याखाली काहीतरी गणित केलं. नंतर वीस मिनिटं दोघांना माझी गरज लागली नाही. आई म्हणाली, "हे आता कारखान्यात गेले."

ब्रुअरी आतून बघायची असेल तर आधी ईमेल करून विचारा. आम्ही न विचारता गेलो, आणि शनिवारी दार बंद होतं. बाबांनी खिडकीला नाक लावून स्टीलच्या टाक्या मोजल्या.

आणखी दोन-तीन गोष्टी आठवतायत. टेबलावर बसून वाट बघू नका, बहुतेक ठिकाणी काउंटरवर जाऊनच मागायचं असतं. रांग दिसत नाही, पण कोण आधी आलं हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे पुण्यासारखी कोपरं वापरू नका. पाइंट 568 मिलीलिटरचा असतो. दोन-तीन प्रकार चाखायचे तर हाफच मागा, त्यात कमीपणा नाही. स्वयंपाकघर दुपारी बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं. आम्हाला दहा मिनिटांच्या फरकाने पाय (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) मिळाली, बीफ नको म्हणून चिकनची. पिटलॉख्रीच्या दुकानातून बाटली घ्यायची तर रात्री दहाच्या आत, नंतर दुकानात दारू विकत नाहीत.

तो पुठ्ठा बाबांनी बनियनवरच्या पाकिटात ठेवला, पासपोर्ट आणि परवान्याच्या मध्ये. रविवारी विमानतळावर सुरक्षा तपासणीत त्यांना पाकीट उघडायला लावलं. काचेपलीकडून मला दिसलं, अधिकारी पुठ्ठा हातात धरून काहीतरी विचारतोय आणि बाबा उत्साहाने समजावून सांगतायत. मागे रांग वाढत चाललेली.