सहावा आकडा

मी डेट्रॉईटजवळ जुन्या गाड्यांचं व्हॅल्युएशन करतो, म्हणजे इन्शुरन्ससाठी किंमत ठरवून द्यायची. गेल्या शुक्रवारी एक आजोबा त्यांची डॉज चार्जर घेऊन आले, कागदावर 1969. चालू केली तर डावा हेडलाईट पटकन उघडला आणि उजवा आपला दहा सेकंदांनी, झोपेतून उठल्यासारखा. त्यात काही विशेष नाही, या गाडीच्या हेडलाईटवर झाकणं असतात, ती उघडायला व्हॅक्युमची नळी असते, कुठेतरी लीक असणार.

आता 68 आणि 69 ओळखणं म्हटलं तर पोरखेळ आहे. पत्रा तोच, 383 घन इंचांचं, चार बॅरलच्या कार्ब्युरेटरचं इंजिन तेच, 330 हॉर्सपॉवर दोन्हीकडे. फरक तोंडात आणि शेपटीत. 68 ची ग्रिल अखंड आणि मागे चार गोल लाल दिवे, 69 ला ग्रिलच्या मधोमध दांडी आणि मागे दोन लांबट लाईट. ही गाडी दोन्हीकडून पक्की 69.

पण काचेतून डॅशबोर्डवरची नंबरपट्टी वाचली, XP29H8B आणि पुढे सीरियल, आणि तिथेच अडकलो. यात अक्षरं धरून सहावा आकडा म्हणजे मॉडेलचं वर्ष. 8, म्हणजे 68. आणि B म्हणजे हॅमट्रॅमॅकचा कारखाना, आमच्या इथून अर्ध्या तासावर, तो कारखाना 1980 लाच बंद झाला.

मग चुंबक काढला, रुमालात गुंडाळून मागच्या चाकाच्या आणि बंपरच्या मधल्या पत्र्यावरून फिरवला. सगळीकडे चिकटतोय, आणि बशीएवढ्या एका जागी घसरून खाली, म्हणजे तिथे वर पुट्टी. दुसऱ्या बाजूला पण तसंच! 68 ला साईडचे मार्कर लाईट गोल होते, 69 ला चौकोनी पट्टी आली. डिकीत आडवा होऊन टॉर्च मारला तर आतून गोल भोक स्वच्छ दिसतंय, त्यावर रिवेट मारलेली पत्र्याची चकती आणि कडेने बाहेर आलेली वाळकी पुट्टी. बाहेरून काम इतकं सफाईदार की मनात म्हटलं वा रे पठ्ठ्या, पण आतून आळस केलास. 'ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' या टीव्ही मालिकेतल्या नारिंगी चार्जरच्या नादात लोकांनी अशा कितीतरी 68 ना 69 चं तोंड लावलंय, खुद्द त्या मालिकावाल्यांनीही लावलं होतं.

आजोबांकडे ही गाडी बत्तीस वर्षं आहे, घरात सगळे तिला सिक्स्टी नाईनच म्हणतात. ही 68 आहे हे सांगताना माझीच जीभ जड झाली. त्यांनी चष्मा लावला, कागदावरच्या नंबरवर बोट ठेवून एक ते सहा मोजलं. परत मोजलं. वर छापलंय 1969 आणि खाली नंबरात 8, इतकी वर्षं एकाच कागदावर! विक्री 69 साली झाली असेल आणि नोंदणीच्या खिडकीवरच्या कोणीतरी तेच साल टाकलं असेल, मी आपला अंदाज सांगितला.

मग म्हणाले दाखव. डिकीत अर्धे शिरले, टॉर्च माझ्या हातून घेतला, बराच वेळ बाहेरच येईनात. मला वाटलं आता चिडणार. आतूनच आवाज आला, "ही भोकं परत उघडता येतील का रे?"

म्हटलं येतील की, पुट्टीच तर आहे.

रिपोर्टमध्ये 1968 लिहिलं.