बेनीहून पुन्हा वर

नेपाळातल्या बेनी गावच्या मिस्त्रीने माझ्या मोटरसायकलचं मागचं चाक खोललं, चाकाच्या मधल्या हबमधून बेअरिंग ठोकून बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. बोटाने फिरवून पाहिलं तर अडखळत, करकर करत फिरत होतं. ग्रीस पार वाहून गेलेलं, आत नुसता गंजाचा लालसर चिखल. "पानी का काम है, दाइ," तो म्हणाला. त्या क्षणी माझा जीव भांड्यात पडला. गाडी का बिघडली ते कळलं होतं.

साताऱ्याहून जबलपूर, गोरखपूर करत सुनौलीला सीमा ओलांडली. बुटवल, पोखरा इथपर्यंत गाडीने हूं की चूं केलं नव्हतं. मुक्तिनाथचा रस्ता बेनीनंतर कालीगंडकी नदीला धरून चढतो. पावसाळा नुकताच सरलेला, त्यामुळे तातोपानीच्या पुढे कितीतरी ओढे थेट रस्त्यावरून वाहत होते. रूपसे धबधब्याचं पाणी तर अंगावर येत होतं आणि चाकं हबपर्यंत बुडत होती. ते ओलांडून घासा गावाच्या चढाला लागलो आणि मागचं चाक डोलायला लागलं. आधी पंक्चर वाटलं, पण हवा ठीक होती. गाडी स्टँडवर घेऊन चाक दोन्ही हातांनी हलवलं, तर चांगलंच खेळत होतं. अशा चाकाने तसल्या दरीच्या कडेने जायचा प्रश्नच नव्हता. रिकामा परतणारा एक पिकअप देवासारखा भेटला. त्यात गाडी आडवी बांधून खाली बेनीला आणली.

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे नेपाळात सुट्टीचा वार. त्यात दशैं, म्हणजे तिकडचा दसरा, तोंडावर, पोखऱ्याहून येणाऱ्या बसगाड्या गच्च. घरून, मित्रांकडून सगळ्यांचं एकच, परत फीर. भन्सारचेही, म्हणजे गाडीच्या सीमाशुल्क परवान्याचेही, दिवस मोजून भरलेले असतात, मी त्यात थोडे जास्तीचे धरले होते म्हणून निभावलं.

रविवारी मिस्त्रीने बेअरिंगच्या कडेवरचा नंबर वाचला, ६२०४. हे माप जगभर एकच असतं, आतून २० मिलिमीटर, बाहेरून ४७, जाडी १४. म्हणजे माझ्या गाडीच्या कंपनीचं दुकान शोधायची गरजच नव्हती. बाजारातल्या ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात ते मिळालं. बेअरिंगमध्ये पाणी शिरू न देणारं ऑइल सीलही तिथंच मिळालं. एकच बाजू खराब असली तरी त्याने दोन्ही बाजूंची बेअरिंग बदलायला लावली आणि मला ते पटलं.

बसवताना मी शेजारीच उकिडवा बसलो होतो. नव्या बेअरिंगवर त्याने जुनं ठेवलं, म्हणजे हातोडीचा मार फक्त बाहेरच्या कड्यावर बसतो, आतल्या गोळ्यांना धक्का लागत नाही. मग गोल फिरत हलके ठोके. आधी आवाज पोकळ येत होता. एका ठोक्याला तो बदलला, भरीव झाला, आणि त्याने हातोडी खाली ठेवली. मोजमाप नाही, काही नाही, नुसता कान. दोन बेअरिंगमधली नळी, म्हणजे स्पेसर, नीट बसलाय ना, हे मात्र त्याने मला बोट घालून बघायला लावलं. इतकं नीट काम मी फार कमी ठिकाणी पाहिलंय.

परत का फिरलो नाही, असं अजूनही विचारतात. नुसतं "झालं, जा आता" असं म्हणून कुणी गाडी हातात दिली असती, तर मी पोखऱ्याची वाट धरली असती. पण दोष डोळ्यांनी पाहिला होता, दुरुस्तीही पाहिली होती. मग भीती कसली?

सोमवारी उजाडताच निघालो. रूपसेला पाणी तेवढंच होतं. पहिल्या गिअरमध्ये, क्लच न दाबता, एका लयीत पार केलं. पलीकडे थांबून चाक हलवलं, हबला हात लावला. घट्ट आणि गार. घासाला पुन्हा तेच केलं. लार्जुंगला डावीकडे धौलागिरी उघडा पडला होता, तिथे मात्र चाक बघायचं राहूनच गेलं. टुकुचेनंतर दरीतला रोजचा वारा सुटला. तो दक्षिणेकडून वर चढतो, त्यामुळे जोमसोमपर्यंत पाठीवरच होता.

पोहोचल्यावर मिस्त्रीला फोन केला. त्याचा पहिला प्रश्न, "पहिया हिलता है?" नाही म्हटल्यावर म्हणाला, उतरताना चेन दाखवून जा, थोडी ढिली वाटत होती. उद्या कागबेनी करून मुक्तिनाथ.