आंद्रिसच्या डाव्या हाताला

शुक्रवार, रात्री उशिरा

झोप येत नाही, आणि त्याचा दोष उजेडाला देता येणार नाही. लाटवियातला जुलैचा मध्य आहे. अकरा वाजून गेले तरी उत्तरेकडचं आकाश पुरतं काळं होत नाही, पण त्याची सवय कधीच झाली. डोक्यात एकच वाक्य फिरतंय. संध्याकाळी दफनभूमीत सासूबाई दंताळ्याचा दांडा जमिनीवर टेकवून माझ्या नवऱ्याची आणि माझी जागा दाखवत म्हणाल्या, "इथे आंद्रिस. त्याच्या डाव्या हाताला तू. तुयाचं झुडूप इतकं जवळ लावू नका, मुळं पसरतात." आणि मग झारी मागितली.

मी झारी घेऊन हापशाकडे गेले. झारी भरून पाणी बुटांवर सांडायला लागलं तेव्हा कळलं की मी नुसतीच दांडा हापसत उभी आहे.

परवा रविवारी आमच्या इथल्या दफनभूमीचा कपुस्वेत्की. थडग्यांचा सण. उन्हाळ्यात प्रत्येक दफनभूमीचा आपापला रविवार ठरलेला असतो. ज्यांची माणसं तीन ठिकाणी पुरलेली आहेत, त्यांचे जुलै-ऑगस्टचे रविवार तसेच वाटले जातात. त्याच्या आधीच्या शुक्रवारी-शनिवारी सगळा गाव दंताळी, झाऱ्या, बेगोनियाची रोपं घेऊन टेकडीवर. एरवी ज्या रस्त्यावर फिरत्या दुकानाची गाडी आणि शाळेची बस सोडून काही दिसत नाही, तिथे आज राजधानी रीगाच्या गाड्यांची रांग होती. शेजारच्यांचा धाकटा आयर्लंडहून आलाय. नाताळला येत नाही तो, कपुस्वेत्कीला येतो. रविवारी बँड वाजेल, पाद्री वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचेल, आणि मग जो तो आपापल्या कुंपणात जाऊन उभा राहील. सोव्हिएत काळात पाद्र्याच्या जागी सरकारी वक्ता असायचा, पण लोक यायचेच, असं सासूबाई सांगतात.

इथली थडगी म्हणजे वाळू. विद्झेमेतल्या, म्हणजे लाटवियाच्या या आमच्या भागातल्या, बहुतेक दफनभूमी अशाच वाळूच्या टेकड्यांवर, पाइनच्या झाडांखाली. प्रत्येक घराण्याचा चौकोन असतो, त्याला कठडा किंवा कुंपण, एक बाक, आणि वाळूवर दंताळ्याने ओढलेली नक्षी. ती ओढत ओढत मागे सरकायचं आणि शेवटी उलट्या पावलांनीच बाहेर पडायचं, म्हणजे आपली पावलं मागे राहत नाहीत. आमच्या वाईच्या घरी आजी अंगण सारवताना अशीच मागे मागे सरकत उंबऱ्यापर्यंत यायची. म्हणून असेल, पण हे काम मला पहिल्यापासून आवडलं. माझ्या रेषा आता सरळ येतात. मागच्या वर्षी सासूबाईंनी चौकोनाची एक पूर्ण बाजू माझ्यावर सोडली होती आणि मला त्याचा केवढा आनंद झाला होता.

मग आज काय झालं?

राग आला का? थोडा आला असेल. कुणी विचारलं नाही मला. लग्न करताना विचारलं, या घरात राहायला येताना विचारलं, गायींच्या गोठ्याचं काय करायचं तेही विचारलं. आणि हे मात्र दांड्याने दाखवून मोकळ्या झाल्या. त्या बोलल्या तेव्हा आंद्रिस कठड्याला रंग देत होता. त्याने मान वर करून पाहिलंही नाही, म्हणजे त्याला ठाऊक असणार. किती वर्षांपासून ठाऊक आहे कोण जाणे.

पण राग एवढा टिकत नाही. हे दुसरंच काहीतरी आहे.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला जागा लागत नाही. बाबांना संगम माहुलीला नेलं. कृष्णा आणि वेण्णा मिळतात तिथे. दादाने फोनवर दाखवलं. तेव्हा विमानं बंद होती. ते जाऊ दे. सांगायचं होतं ते एवढंच की बाबांचं असं काहीही कुठे उरलेलं नाही, जिथे जाऊन मी दंताळं ओढावं. आणि याचं मला कधी वाईटही वाटलं नव्हतं. पाणी पुढे जातं, हे लहानपणापासून मनात पक्कं होतं. इथे मात्र दगड, दगडावर नाव, नावापुढे वर्ष, आणि दर उन्हाळ्यात गाव येऊन बघणार की कुणाच्या वाळूवर गवत माजलंय. आज शेवटच्या रांगेतल्या एका चौकोनापाशी दोन बायका उभ्या राहून हळू आवाजात म्हणत होत्या, इंग्लंडला आहेत म्हणे, कुणी येत नाही. त्यांच्या आवाजात दया होती, पण आपल्याबद्दल कुणी असं बोलू नये असं वाटावं अशी ती दया.

मी मनात कुठेतरी धरून चालले होते की मी परत जाणार. कधी, कशी, कुणाबरोबर, काही नाही. तिकीट काढायचं असं कधी ठरवलं नाही, आंद्रिसशी तर बोललेही नाही. पण दार उघडं होतं. आज ते दार सासूबाईंनी दांड्याने हलकेच लोटलं, आणि मला तेव्हाच कळलं की ते इतकी वर्षं उघडं होतं. पोटात खड्डा पडला तो त्यामुळे. जवळजवळ सहा हजार किलोमीटरवर, बर्फाखाली, जिथे माझ्या भाषेत कुणी एक शब्द बोलणार नाही. मला रडू आलं, आणि मी तोंड धुतल्याचं निमित्त करून हापशापाशीच थांबले.

हे लिहिलं आणि वाचलं. सगळं खरं आहे. तरी पूर्ण नाही.

कारण महिन्यापूर्वीची लीगोची, मध्य-उन्हाळ्याच्या सणाची रात्र आठवते. तेवीस जून. सकाळपासून सासूबाई आणि मी चीज करत होतो, किमेनेस घातलेलं, जिऱ्यासारखं दिसणारं बी ते, मग फडक्यात बांधून दगडाखाली दाबलं. दारांना बर्चच्या फांद्या लावल्या. पुरुषांसाठी ओकच्या पानांचे जाड मुकुट, आम्हा बायकांना रानफुलांचे. गावच्या सभागृहाच्या मागच्या मैदानावर खांबावर पेटतं पिंप चढवलं, शेकोटी रात्रभर जागी ठेवली. वरच्या वाडीतले लोक गात गात आले. इथे दारात येऊन गाण्यातून टोमणे मारायचे आणि यजमानाने गाण्यातूनच उत्तर द्यायचं असा रिवाज आहे, चार-चार ओळींची कडवी आणि प्रत्येक ओळीमागे लीगो, लीगो. त्यांनी मला धरलं. या घरची सून दूरच्या देशाहून आली आणि आमच्या बटाट्यांना पिवळं करून टाकलं, असं काहीतरी. मी उत्तर दिलं. जुनंच कडवं घेऊन शेवटची ओळ बदलली. सगळे ओरडले, हसले, सासूबाईंनी डोळे पुसले. पहाटे साडेचारला सूर्य वर आला तेव्हा मी ओल्या गवतात अनवाणी उभी होते आणि मनात अगदी स्पष्ट आलं होतं, हे माझं गाव.

2023 ला रीगाच्या गाण्यांच्या महोत्सवात, मेझापार्कच्या मंचावर हजारो गळ्यांत माझा गळा होता तेव्हाही हेच वाटलं होतं. 1873 पासून चालत आलेलं आहे ते, आणि त्यात आमच्या गावच्या गायकवृंदाच्या दुसऱ्या रांगेत मी.

म्हणजे मुकुट डोक्यावर चालतो. रांगेतली जागा चालते. बटाटे काढायला शेजारी येतात, आपण त्यांच्याकडे जातो, ते इर्जिक चालतं. मग वाळूतली जागा का नको? उत्सवापुरतं आपलं म्हणायचं आणि शेवटी मी पाहुणी होते असं सांगून निघायचं, हे मला स्वतःला कसं पटेल? आणि तरीही हापशापाशी जे आलं ते आलंच. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एका जागी बसत नाही. तासभर तेच उलटसुलट करतेय.

आमच्या चौकोनात उजवीकडे एक दगड आहे, त्याखाली कुणी नाही. सासूबाईंच्या वडिलांचं नाव आहे त्यावर, जन्माचं वर्ष, मृत्यूचं वर्ष, आणि खाली तोम्स्क. 25 मार्च 1949 ला सोव्हिएत सत्तेने घरं रिकामी करत नेलं, त्या काही दिवसांत 42,000 हून अधिक माणसं लाटवियातून सैबेरियाला गेली. सासूबाई दोन वर्षांच्या होत्या. त्या आणि त्यांची आई परत आल्या. वडील तिकडेच राहिले, कुठे ते कुणाला दाखवता येत नाही. दगड खूप नंतर बसवला. मी या घरात आल्यापासून पाहतेय, त्या रिकाम्या वाळूवर त्या सगळ्यात जास्त वेळ लावतात. रेषा पुसतात, पुन्हा ओढतात. तिथे फुलं सम संख्येतच ठेवायची, मोजून.

आणि त्याच्या शेजारच्या दगडावर त्यांचं स्वतःचं नाव कोरलेलं आहे. 1947, पुढे एक आडवी रेघ, पुढे कोरा दगड. सासरे गेले तेव्हाच कोरून घेतलं. आज त्या स्वतःच्या नावासमोर गुडघे टेकून तण उपटत होत्या आणि मला विचारत होत्या, थर्मासमध्ये कॉफी उरलीय का. तेव्हा मला त्यात काही वेगळं दिसलं नव्हतं. आता दिसतंय. ज्या बाईच्या बापाला मरायला स्वतःची टेकडी मिळाली नाही, ती जेव्हा कुणाला म्हणते की तुझी जागा इथे, तेव्हा ती काय देत असेल. मला भीतीच तेवढी ऐकू आली.

इथल्या जुन्या गाण्यांत वाळूची आई आहे, थडग्यांची आई आहे. वेल्यु माते, म्हणजे मेलेल्यांची आई, तीही आहे. शरदात पितरांचा काळ असतो, पूर्वी लोक त्यांच्यासाठी जेवण मांडून ठेवायचे, आणि तो साधारण आमच्या पितृपक्षाच्या मागोमागच येतो. पहिल्या वर्षी हे कळलं तेव्हा मी आईला उत्साहाने फोन केला होता. आई म्हणाली, सगळीकडे तेच गं. आता दर वर्षी भाद्रपदात मी बाबांसाठी पान वाढते आणि ते अंगणातल्या सफरचंदाच्या झाडाखाली ठेवते. कावळे इथेही आहेत, करड्या अंगाचे. सासूबाई विचारत नाहीत, फक्त त्या दिवशी मांजर घरात ठेवतात.

त्या मांजर घरात ठेवतात. हे मी विसरले होते.

मला अग्नी हवा. एवढं मात्र आता लिहिता लिहिता ठरलं, आणि याबद्दल मन हलत नाही. रीगाला दाहगृह आहे, गावातल्या दोघातिघांचं तिथेच झालं, कलश आणून चौकोनात पुरला, कुणी नावं ठेवली नाहीत. तर तसं करावं. थोडं इथे, आंद्रिसच्या शेजारी. थोडं माहुलीला, जो कुणी जाईल त्याच्या हाती. अर्धं-अर्धं असं काटेकोर नको. सासूबाईंना पटेल असं वाटतं. त्या लगेच हिशेब करतील की कलशाला जागा कमी लागते, मग तुया लावता येईल. मला त्यांचा तो हिशेब ऐकायची आत्ता घाई झालीय. मघाशी रडत होते आणि आता कुंपणाला कोणतं झाड लावावं याचा विचार करतेय.

माझ्यानंतर दंताळं कोण ओढेल हा प्रश्न राहतोच. पोरं आज कठड्यावर बसून मोबाईल बघत होती, मग उठून पाइनखाली मेल्लेनेसची जांभळी रानफळं वेचायला पळाली आणि जांभळ्या जिभा दाखवत परत आली. गावची शाळा बंद झाली त्याला काही वर्षं झाली. सोव्हिएत काळाच्या शेवटी देशाची लोकसंख्या साडेसव्वीस लाखांवर होती, आता एकोणीस लाखांच्याही आत आलीय. वरच्या वाडीत हिवाळ्यात तीनच घरांत दिवा दिसतो. थोरला म्हणतो, मी डब्लिनला जाणार. जाईल. मीही कुणाचं तरी अंगण सोडूनच आले, त्याला काय बोलू.

उद्या पीरागी, ते भरलेले छोटे पाव, करायचे आहेत, रसोल्स सॅलडचे बटाटे आजच उकडून ठेवलेत. रविवारी बारा-पंधरा माणसं जेवायला. आंद्रिसशी उद्याच बोलते, पाहुणे यायच्या आत, नाहीतर सासूबाई जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकतील. त्यांच्याशी सोमवारी, गर्दी ओसरल्यावर. दादाला फोनवर नाही. डिसेंबरात गेले की समोर बसून सांगेन. त्याला धक्का बसेल, मग तो माहुलीच्या भागाची जबाबदारी घेईल.

आईला सांगणार नाही. माळ्यावरची माझी पितळी भांडी तिने अजून कुणाला दिलेली नाहीत. दर दिवाळीला उतरवून घासते आणि परत वर ठेवते.