दुखण्यातला मेवा

आमच्या पांढरकवड्याकडच्या खेड्यांत जर्दाळू सणाला येत नाही, दुखण्याला येतो. काजू-किसमिस शिऱ्यात पडतात, चारोळी श्रीखंडावर मिरवते. जर्दाळू मात्र बाळंतिणीच्या उशाशी, नाहीतर टायफॉइडमधून उठलेल्याच्या वाटीत. "पोरीच्या अंगात रगतच नाही, दोन जर्दाळू भिजू घाल," असं आत्याबाई म्हणाल्या की घरात कोणी उलट बोलत नाही.

जर्दाळूत लोह आहे, 100 ग्रॅममध्ये अडीच मिलिग्रॅमच्या आसपास. पण दोन जर्दाळूंचं वजन ते किती! तेवढ्याच वजनाच्या जवसात लोह त्याच्या दुप्पट असतं आणि जवसाची चटणी तर घरोघरी. जर्दाळूचा खरा गुण पोट साफ ठेवण्याचा, 100 ग्रॅममागे 7 ग्रॅम चोथा. पोटॅशियमही भरपूर. पण पोट साफ होण्याचं कौतुक चारचौघांत कोण करणार, म्हणून रक्ताचं नाव पुढे.

बाजारात दोन जातीचा माल दिसतो. एक केशरी, मऊ, बिनबियांचा. त्याचा रंग टिकतो तो गंधकाच्या धुरीनं. दमेकऱ्यानं जरा जपून खावा. दुसरा तपकिरी, सुरकुतलेला, दगडासारखा. दुकानदारही तो जरा ओशाळूनच तोलतो. मी तोच घेते. रात्रभर भिजला की फुगतो, आंबटगोड होतो, आणि मुख्य म्हणजे आत बी असते.

त्या बीपायी आमच्या घरातली पोरं जर्दाळू खातात. गर कसाबसा गिळायचा आणि पाट्यावर वरवंट्यानं बी फोडायला धावायचं. जोर जास्त झाला की आतल्या गराचा भुगा, कमी पडला की बी थेट न्हाणीत. नीट फुटली तर इवलासा बदाम निघतो, चवही बदामाचीच. एखादा कडू लागला तर मात्र लगेच थुंकायला लावावं. त्या कडूपणातून पोटात सायनाइड तयार होतं, तिथे लाड नकोत.

आमच्या गावावरून जाणारा मोठा रस्ता पुढे हैदराबादला पोचतो. तिथे हाच जर्दाळू साखरेत शिजवून, वर साय घालून लग्नाच्या पंगतीत वाढतात, खुबानी का मीठा म्हणून. मी एकदा म्हटलं, आपल्याकडच्या लग्नातही करून पाहू. आत्याबाईंनी हात जोडले. म्हणाल्या, "पाव्हणे इचारतील ना वं, नवरी बिमार हाय का म्हणून!"