घरात चीज असूनही

आमच्या मेसच्या काकूंनी कधी काही कबूल केलं नाही. वरणात झुरळ निघालं तर म्हणायच्या, "अरे, फोडणीतली मिरची आहे ती." म्हणूनच मिसेस ईटन यांची जबानी वाचली आणि त्या बाईंबद्दल मला एकदम आदर वाटला.

हार्वर्ड कॉलेजची पहिली मेस या बाईंची. १६३६ साली मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनं कॉलेजसाठी ४०० पौंड मंजूर केले. दोनच वर्षांत जॉन हार्वर्ड हा तरुण पाद्री क्षयानं गेला. जाताना निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० पुस्तकं त्यानं कॉलेजला दिली, म्हणून नाव त्याचं लागलं. पोरं मात्र जेवायची नॅथॅनिएल ईटन मास्तरांच्या घरी. मास्तर भलतेच मारकुटे. १६३९ मध्ये त्यांनी आपल्या मदतनीसाला अक्रोडाच्या सोट्यानं इतकं झोडपलं की प्रकरण कोर्टात गेलं. आणि एकदा कोर्टात गेल्यावर जेवणाचा विषय थोडाच मागे राहतो!

बाईंनी मासळी खराब होती हे मान्य केलं. आतडी न काढता वाढलेला बांगडा आणि मक्याच्या घाट्यात सापडलेली बकरीची लेंडी यातलं आपल्याला काहीच ठाऊक नाही, पण आपल्या घरात असं घडलं याची लाज वाटते, म्हणाल्या. (बांगडा साफ न करता पानात! हे वाचून मालवणातला माणूस मास्तरांचा मार विसरेल.) दोनदा बिअर गाळण्याच्या मधल्या दिवसांत पोरांना ती मिळत नसे, हेही कबूल. पण मला सगळ्यात आवडली ती चीजची कबुली. पोरांनी मागितलं, घरात होतं, तरी मी दिलं नाही. काकूंच्या कपाटातली तुपाची बरणी आम्हालाही दिसायची.

मास्तरांना काढलं आणि कॉलेजच बंद पडलं. १६४० मध्ये हेन्री डन्स्टर आले, तेव्हा गाडं रुळावर आलं. त्या काळी कितीतरी पोरांची फी गहू, माल्ट, मेंढ्या अशा रूपात यायची. म्हणजे पुढच्या जेवणाची सोय आईबापच करून ठेवत.

तरी १७६६ मध्ये पुन्हा ठिणगी पडलीच. या वेळी लोण्याला घाण वास येत होता. पोरं पानावरून उठली, आवारात जमून जल्लोष केला आणि बाहेर गावात जाऊन खाऊन आली. आमच्या भाषेत, अख्ख्या मेसचा खाडा.